परसातील कोंबड्यांचे पाणी : भांडे कोणते, भरवसा कशाचा?

विदर्भातील मे महिन्याची दुपार. घरातील बाई सकाळी सात वाजताच मजुरीला गेलेली, पुरुष शेतावर, मुले मामाच्या गावी. अंगणातील कडुलिंबाखाली पंधरा-वीस कोंबड्या चोची उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत असतात. सकाळी जर्मनच्या पातेल्यात भरून ठेवलेले पाणी दहाच्या सुमारास एका कोंबडीने काठावर चढून उलटवलेले असते आणि सायंकाळपर्यंत ते कोणाच्याही लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी दोन-तीन कोंबड्या मेलेल्या आढळल्या, की गावात ‘मानमोडी आली’ अशी चर्चा सुरू होते. पुष्कळदा रोग नसतोच, पाणी नसते.

परसातील कुक्कुटपालन हा ग्रामीण महाराष्ट्रात बहुतांशी स्त्रियांच्या हातचा व्यवसाय आहे. अंड्यांचे चार पैसे मुलांच्या वह्यांना, औषधाला, वेळप्रसंगी किराण्याला उपयोगी पडतात. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींविषयी, खाद्याविषयी आणि लसीकरणाविषयी पशुपालकांना बरीच माहिती दिली जाते. पाण्याच्या भांड्याचा विषय मात्र ‘स्वच्छ व ताजे पाणी द्यावे’ या एका वाक्यात आटोपला जातो. ते पाणी दिवसभर घरी कोणी नसताना कसे द्यावे, हा खरा प्रश्न त्या वाक्याच्या बाहेरच राहतो.

गरज किती?

साधारण हवामानात कोंबडी जेवढे खाद्य खाते, त्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी पिते. पूर्ण वाढलेल्या अंड्यावरील कोंबडीस दिवसाला पाव लिटर पाणी लागते, असा ढोबळ हिशेब धरावा. उन्हाळ्यात हेच प्रमाण दुपटीवर जाऊ शकते. म्हणजे वीस कोंबड्यांना हिवाळ्यात पाच लिटर, तर मे महिन्यात दहा लिटर. एवढे पाणी दोन-अडीच लिटरच्या पातेल्यात मावत नाही हे उघड आहे. तरीही बहुतेक अंगणांत उन्हाळ्यातही हिवाळ्यातलेच पातेले असते.

कोंबडीस घर्मग्रंथी नसतात. शरीरातील उष्णता ती तुरा, गलोल व पायांवाटे आणि मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकते. धाप लागते तेव्हा श्वसनमार्गातील ओलाव्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला, की भोवतालची हवाच कोंबडीच्या अंगापेक्षा गरम होते. अशा वेळी वाफेखेरीज दुसरा मार्ग उरत नाही, आणि वाफेसाठी पाणी हवे. खाद्यावाचून कोंबडी कित्येक दिवस तग धरते. पाण्यावाचून, तेही अशा उन्हात, काही तासच.

जीव वाचला तरी नुकसान टळत नाही. टरफल वगळले तर अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. एक दिवस पाणी तुटले, की अंडी कमी होतात आणि पूर्वपदावर यायला अनेक दिवस, कधी काही आठवडे लागतात. ताण अधिक झाला तर कोंबडी पिसे झडण्याच्या अवस्थेत जाते व अंडी देणे थांबवते. ‘खुडूक नाही, आजारी नाही, मग अंडी का बंद?’ या तक्रारीमागे आठवड्यापूर्वीचे कोरडे भांडे असू शकते.

अपयश दिसले पाहिजे

पाण्याची व्यवस्था निवडताना सामान्यतः स्वच्छता, किंमत आणि सोय पाहिली जाते. तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु ‘भरवशाची’ व्यवस्था कोणती, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. प्रत्येक भांडे केव्हा तरी दगा देते. ते कोणत्या रीतीने दगा देते, तो दगा घरच्या माणसास लांबून दिसतो काय, आणि दिसेपर्यंत कोंबड्यांना दुसरे पाणी उपलब्ध असते काय, हे तीन प्रश्न विचारले तर निवड बरीच सोपी होते.

उघडे पातेले, परळ किंवा खापर यांचा मोठा गुण म्हणजे रिकामे झाले की ते रिकामे दिसते. अवगुणही उघड आहेत. कोंबडी पायाने उकरते, तेव्हा माती, तूस व विष्ठा थेट पाण्यात पडते. काठावर बसण्याची तिला सवय असते, त्यामुळे हलके भांडे कलंडते. यावर जुना ग्रामीण उपाय आहे. जड मातीचे परळ जमिनीत थोडे रोवून किंवा विटांच्या कोंडाळ्यात बसवून, त्यावर कोंबडीची मान आत जाईल पण पाय जाणार नाही अशी बांबूच्या कामट्यांची जाळी ठेवली जाते. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपते व गार राहते, ही उन्हाळ्यातील मोठीच सोय. त्याच छिद्रांत शेवाळ व बुळबुळीत थर धरतो, म्हणून ते रोज काथ्याने घासावे आणि आलटून पालटून वापरण्यासाठी दोन परळ असावेत. एक वापरात, दुसरे उन्हात वाळत.

बाजारात ज्याला नुसते ‘ड्रिंकर’ म्हणतात, ते उलट्या बरणीचे भांडे परसातील कळपासाठी सर्वाधिक वापरले जाते, आणि ते योग्यही आहे. बरणीत पाणी भरून खालच्या ताटलीवर उलटी केली, की बरणीच्या कडेचे छिद्र पाण्याने झाकले जाईपर्यंतच पाणी ताटलीत येते. बाहेरील हवेचा दाब आतील पाण्यास तोलून धरतो. कोंबड्यांनी पाणी प्यायले, छिद्र उघडे पडले, थोडी हवा आत शिरली, की तेवढेच पाणी खाली उतरते. छिद्र ताटलीच्या काठापेक्षा खाली असणे हे या रचनेचे मर्म आहे. रिकामी प्लॅस्टिकची बाटली किंवा डबा वापरून घरी असे भांडे करणाऱ्यांची चूक बहुधा येथेच होते. छिद्र काठाच्या वर पडते आणि सगळे पाणी वाहून जाते.

हे भांडे दगा देते ते तीन प्रकारे. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने पाणी सांडत राहते. बरणीस बारीक तडा गेला तर वरून हवा शिरते व दहा मिनिटांत बरणी रिकामी होते. प्लॅस्टिक दोन-तीन उन्हाळे उन्हात राहिले की असे तडे जातातच. तिसरा प्रकार कमी जणांच्या ध्यानात येतो. सकाळी सावलीत ठेवलेले भांडे दुपारी उन्हात येते, बरणीतील पाण्यावरची हवा तापून प्रसरण पावते आणि पाणी खाली ढकलते. ताटली ओसंडते, जमीन ओली होते, आणि ज्या वेळी पाण्याची गरज सर्वाधिक त्याच वेळी बरणी लवकर संपते. म्हणून जागा निवडताना सकाळची सावली पाहू नये. दुपारी एक ते चार या वेळेत सावली कोठे पडते ते पाहावे. भांडे पांढरे किंवा अपारदर्शक असावे. पारदर्शक बरणीत प्रकाशामुळे शेवाळ चटकन धरते.

मोठ्या शेडमध्ये छतापासून टांगलेले घंटेच्या आकाराचे स्वयंचलित ड्रिंकर दिसतात. त्यांना वर टाकी, नळी आणि ठरावीक दाब लागतो. वीस-पंचवीस कोंबड्यांसाठी हा खटाटोप अनावश्यक आहे.

निपलचा मोह

गेल्या काही वर्षांत परसातही निपल ड्रिंकरचा वापर वाढला आहे. झाकणाच्या बादलीस तळाशी छिद्रे पाडून धातूच्या लहान निपल्स आटे देऊन बसवायच्या आणि बादली टांगायची. कोंबडीने चोचीने खालची दांडी हलवली, की थेंब गळतो. पाणी बंदिस्त असल्याने विष्ठा, धूळ व पिसे आत जात नाहीत, जमीन कोरडी राहते, बादली रोज घासावी लागत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक निपल असा हिशेब सांगितला जातो; परसात मात्र दोन-तीन निपल्स जास्तीच्या असाव्यात, कारण वरचढ कोंबड्या दुबळ्यांना पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. उंची अशी ठेवावी, की पूर्ण वाढलेल्या कोंबडीस मान वर करून पाणी घ्यावे लागेल. निपल खाली असेल तर कोंबडी तिरकी चोच मारते आणि निम्मे पाणी सांडते.

स्वच्छतेच्या कसोटीवर निपल सर्वांत वरची ठरते. अपयश दिसण्याच्या कसोटीवर मात्र ती सर्वांत खाली येते. बादली भरलेली दिसते, घरचे माणूस निर्धास्त असते, आणि आतून क्षारांचा थर बसून निपल बंद झालेली असते. विंधनविहिरीचे जड पाणी असलेल्या गावांत असे वारंवार घडते. बादलीचे झाकण घट्ट असेल आणि त्याला हवा आत येण्यासाठी छिद्र नसेल, तर आत निर्वात पोकळी होऊन प्रवाह थांबतो. हे कारण तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे निपल वापरायची असेल तर रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून थेंब पडतो की नाही हे पाहणे हा नेमाचा भाग मानावा. दोन मिनिटांचे काम आहे. ते होणार नसेल, तर निपल घेऊ नये.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. धाप लागलेली कोंबडी उघड्या पाण्यात चोच खोल बुडवते, गलोल भिजवते, भरभर घोट घेते. कोंबडीस पाणी ओढून गिळता येत नाही. चोचीत घेऊन मान वर करावी लागते. थेंबाथेंबाने मिळणारे पाणी त्या वेळी अपुरे पडते, आणि लहान बादलीतील पाणी उन्हाने कोमट झाले तर कोंबड्या ते टाळतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलपासून जूनचा पाऊस पडेपर्यंत केवळ निपलवर विसंबणे धोक्याचे आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर चित्र नेमके उलटे आहे. तेथे चार महिने शत्रू उष्णता नसून ओल असते. खुराड्यातील भाताचे तूस पाण्याच्या भांड्याभोवती भिजले, की त्यात रक्ती हगवणीचे परजीवी फोफावतात. विष्ठेतून पडलेल्या त्यांच्या बीजुकांना रोगकारक होण्यासाठी ऊब, ओलावा आणि एक-दोन दिवसांचा अवधी पुरतो. पाण्यात क्लोरीन टाकून ती मरत नाहीत. ओल्या गादीतून अमोनियाचा उग्र वास येतो आणि कोंबड्यांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गास इजा होते. साचलेल्या पाण्यात होणारे डास कोंबड्यांतील देवीचा प्रसार करतात, हीदेखील दुर्लक्षित बाब. तेव्हा कोकणातील पावसाळ्यात खुराड्याच्या आत निपल किंवा बरणीचे भांडे विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, आणि त्याखाली जाळी व वाळू किंवा खडी, अशी मांडणी शहाणपणाची ठरते.

विदर्भात घरोघरी कूलर असतो आणि त्यात पाणी आपोआप भरणारा तरंगता गोळा असतो. तोच पसरट भांड्यास बसवून कोंबड्यांसाठी वापरण्याची युक्ती काही जण करतात. युक्ती चांगली आहे, परंतु तिची नळी थेट गावच्या नळयोजनेस किंवा विजेच्या पंपास जोडू नये. पाणी एक दिवसाआड येते, वीज केव्हाही जाते. आणि गोळा अडकला तर एकतर अंगण भिजते, नाहीतर भांडे कोरडे पडते. मध्ये पन्नास लिटरचा पिंप उंचावर ठेवून त्यास ही नळी जोडली, तर निदान दोन-चार दिवसांचा साठा हाती राहतो. पिंप सावलीत असावा. काळी टाकी व काळी नळी उन्हात असेल तर दुपारी त्यातून गरम पाणी येते.

दोन भांडी, दोन प्रकार

या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एकाच उत्तम भांड्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकारची दोन साधी भांडी अधिक भरवशाची असतात. वीस कोंबड्यांसाठी पाच-सहा लिटरची बरणी एका सावलीत आणि जाळी लावलेले मातीचे परळ दुसऱ्या सावलीत ठेवले, तर एक कलंडले वा फुटले तरी दुसरे संध्याकाळपर्यंत निभावते. निपलची बादली असेल, तर तिच्या जोडीला उन्हाळ्यात उघडे परळ हवेच. दोन ठिकाणी पाणी असल्याने दुबळ्या कोंबडीसही वाटा मिळतो. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत. उजाडताच आणि मावळतीपूर्वी त्यांचे पिणे सर्वाधिक असते. मजुरीला जाणाऱ्या बाईने आदल्या रात्री भांडी धुऊन भरून ठेवली, तर सकाळच्या घाईत हे काम राहून जाण्याचा धोका टळतो. रात्री भरलेले पाणी सकाळी गारही असते.

बरणीवर बाहेरून रंगाने खुणा केल्या, तर दिवसभरात किती पाणी प्यायले गेले हे कळते. याचा उपयोग वाटतो त्याहून मोठा आहे. कोंबडी आजारी पडू लागली, की अंडी घटण्याच्या आधीच अनेकदा तिचे पाणी घटते. हवामान बदलले नसताना खूण रोजच्यापेक्षा वर राहिली, तर आधी भांडे तपासावे आणि ते ठीक असेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

पाणी कोणते, हा प्रश्न भांड्याइतकाच महत्त्वाचा आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला एक हजार मिलिग्रॅमपर्यंत असेल तर चिंता नको. त्यापुढे विष्ठा पातळ होऊ लागते आणि तीन हजारांवर गेलेले पाणी कोंबड्यांना देऊ नये. क्लोरीनने खारेपणा जात नाही, उकळून तो उलट वाढतो. अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले किंवा पिण्याच्या योजनेचे पाणीच द्यावे. अन्यत्र विहिरीच्या पाण्यात चांगल्या प्रतीची ताजी ब्लीचिंग पावडर शंभर लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पुरते. ती थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी पिंपात टाकावे व अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असल्यास आधी तुरटी फिरवावी. निपलमधील क्षारांचा थर काढण्यासाठी निपल्स व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजत ठेवाव्यात. परंतु व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

उघड्या भांड्याबाबत आणखी एक पथ्य आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पाळीव कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातही हा रोग आढळला. या रोगाचा विषाणू रानपक्षी व पाणपक्षी यांच्या विष्ठेतून पसरू शकतो. कावळे, चिमण्या, पारवे ज्या भांड्यावर उतरतात ते भांडे झाडाखाली उघडे न ठेवता छपरीखाली किंवा जाळीच्या आवारात ठेवावे. तळ्याचे, डबक्याचे पाणी कोंबड्यांना पाजणे टाळावे.

पिलांसाठी पहिले दोन आठवडे निराळी व्यवस्था लागते. त्यांना लहान बरणीचे उथळ ताटलीचे भांडेच द्यावे. ताटली मोठी असेल तर त्यात स्वच्छ धुतलेले गोटे किंवा काचेच्या गोट्या टाकाव्यात, म्हणजे पिले बुडत नाहीत व भिजून गारठत नाहीत. नवीन आणलेल्या प्रत्येक पिलाची चोच एकदा हाताने पाण्याला लावावी. एकाने पाणी ओळखले, की इतर त्याचे पाहून शिकतात. मोठ्या कोंबड्यांना बरणीवरून निपलवर आणायचे असल्यास आठवडाभर दोन्ही ठेवावे. सर्व कोंबड्या निपलला चोच मारताना दिसल्यानंतरच बरणी हलवावी, आणि हा बदल मे महिन्यात मुळीच करू नये.

मानमोडीची लस पाण्यातून द्यायची असते तेव्हा पुन्हा बरणीचेच भांडे कामी येते. निपलच्या बादलीत लस किती कोंबड्यांच्या पोटात गेली हे कळत नाही, आणि धातूच्या भांड्यात जिवंत लसीचा प्रभाव कमी होण्याचा संभव असतो. प्लॅस्टिकची भांडी साबणाचा वा जंतुनाशकाचा अंश न राहील अशी धुवावीत, लसीच्या आदल्या दिवसापासून पाण्यात क्लोरीन घालू नये, कोंबड्यांना तास-दोन तास तहानलेले ठेवावे आणि दोन तासांत संपेल एवढ्याच गार पाण्यात, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस द्यावी. हे काम पहाटे उरकावे. ऊन चढल्यावर कोंबड्यांना तहानलेले ठेवणे परवडत नाही.